वाडीवर कोण कसं जगतंय: गरिबी-श्रीमंतीची पाहणी करायची रीत

गावाची आर्थिक पाहणी म्हटलं की छापील फॉर्म घेऊन दारोदार जायचं आणि ‘वार्षिक उत्पन्न किती?’ असं विचारायचं, हीच सवय पडली आहे. साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या जिरायत शेतकऱ्याला या प्रश्नाचं खरं उत्तर देताच येत नाही. बाकीचे रेशनकार्डावर लिहिलेला आकडा सांगून मोकळे होतात. कोणाचं बरं चाललंय आणि कोण बुडत चाललंय, हे वाडीला मात्र नेमकं ठाऊक असतं. ते वाडीकडूनच काढून घ्यायचं. माण, खटाव, आटपाडी, जत या सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात ही रीत चांगली चालते.

कधी जायचं

बहुतेक विद्यार्थी शिबिरं डिसेंबर-जानेवारीत होतात, आणि नेमकी तीच वेळ चुकीची. ऊसतोडीचे कोयते, म्हणजे तोडणी मजुरांच्या जोड्या, दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर गेलेले असतात, मेंढरं घेऊन धनगर वाडे बाहेर पडलेले असतात. घरी उरतात ते ज्यांना बाहेर जावं लागत नाही असे लोक. त्यांची पाहणी करून गाव बरं आहे असा अहवाल निघतो. म्हणून गौरी-गणपतीनंतर, दिवाळीच्या आधी जा. बायकांशी बोलायला दुपारी एक ते तीन, मजुरांशी रात्री जेवणं झाल्यावर.

एका वेळी एकच वस्ती घ्या, ६० ते १०० चुली असलेली. त्याहून मोठी असेल तर तिचे दोन भाग करा. नुसतं गावठाण करून मळ्यातल्या आणि माळावरच्या वस्त्या सोडू नका.

सरपंचांना आधी सांगा, पण बैठकीत ते नकोत. ‘यातून घरकुल मिळणार नाही, कुणाचं नाव यादीत चढणार नाही आणि कटणारही नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि दोनदा सांगा. लोकांना योजनेचा वास आला की सगळी वस्ती एका रात्रीत गरीब होते.

नकाशा आणि चुली

साहित्य थोडं लागतं: दोन किलो रांगोळी, चार रंग, मूठभर चिंचोके, पोस्टकार्डाच्या मापाचे कोरे पत्ते, जाड पेन, पाच रिकामे खोके. जागा निवडताना जपा. देवळाचा पार सोयीचा वाटतो, पण काही घरांतली माणसं तिथे वर येऊन बसत नाहीत, कडेला उभी राहतात. शाळेचं पटांगण बरं.

लोकांकडून वस्तीचा नकाशा जमिनीवर काढून घ्या: आधी रस्ता, ओढा, विहिरी, बोअर, टँकर उभा राहतो ती जागा, मग घरं. रांगोळी त्यांच्याच हातात द्या. घर नव्हे, चूल मोजा. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे शिजवत असतील तर ते दोन पत्ते. मुलांकडे पाळीने जेवणारे म्हातारा-म्हातारी, भावाच्या पडवीत राहणारी परतून आलेली बहीण, गोठ्याशेजारी एकटी राहणारी विधवा हे हटकून सुटतात, आणि वस्तीतली सर्वांत वाईट गरिबी बहुतेक इथेच असते. शेवटी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ शी, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीशी, ताळा करा. त्यात मिळकती असतात, चुली नसतात. त्यामुळे तुमचा आकडा जास्त आला तर गडबडू नका. कमी आला तर काहीतरी सुटलंय.

पत्ते लावणं

प्रत्येक चुलीचा एक पत्ता, त्यावर नाव आणि क्रमांक. हेच पत्ते तीन गटांकडून वेगवेगळे लावून घ्या: बायका, मजूर, शेतकरी. गटात तीन ते पाच माणसं पुरे. सुरुवातीला कुठलेही दोन पत्ते ठेवून विचारा, ‘यातलं कुणाचं जास्त बरं चाललंय? कशावरून?’ मग तिसरा पत्ता. किती ढीग करायचे ते त्यांना ठरवू द्या, बहुधा चार-पाच होतात. ‘गरीब’, ‘श्रीमंत’ हे शब्द तुम्ही वापरू नका. ‘हातावर पोट’, ‘खाऊन-पिऊन सुखी’, ‘वर आभाळ खाली धरती’ असं जे बोललं जाईल ते जसंच्या तसं टिपा. शंभर पत्त्यांना दीड तास लागतो. त्यापुढे माणसं कंटाळून पत्ते कुठेही टाकतात.

गुण असे काढा. ढिगांना सर्वांत बऱ्या स्थितीतल्यापासून १, २, ३ असे क्रमांक द्या. ढिगाचा क्रमांक भागिले एकूण ढीग, गुणिले १००. एखादी चूल बायकांच्या चारपैकी तिसऱ्या ढिगात (७५), मजुरांच्या पाचपैकी चौथ्या (८०), शेतकऱ्यांच्या तीनपैकी दुसऱ्या ढिगात (६७) असेल, तर सरासरी ७४. आकडा जितका मोठा तितकी ओढाताण जास्त.

दोन गटांत तीसहून जास्त फरक पडलेले पत्ते बाजूला काढा. फरक म्हणजे चूक समजू नका, खरी माहिती तिथेच दडलेली असते. पुरुषांनी ‘बरं आहे’ म्हटलेलं घर बायका शेवटच्या ढिगात टाकतात, कारण त्या घरातलं डोरलं गहाण पडलंय किंवा कमाई दारूत जातेय हे त्यांना ठाऊक असतं.

फसवणाऱ्या खुणा

एकरांवर जाऊ नका. जतला वीस एकर माळरान असलेला माणूस वाळव्यातल्या दोन एकर उसापेक्षा खाली असू शकतो. विचारायचं पाण्याचं: कुठल्या योजनेचं, वर्षातून किती आवर्तनं (पाण्याच्या पाळ्या), शेवटच्या माणसापर्यंत येतं का. आटपाडी भागातल्या पाणी चळवळीने १९९३ पासून समन्यायी वाटपाचा आग्रह धरला तो याचसाठी. एकरावर पाणी वाटलं की ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडेच पाणी जातं, आणि भूमिहीन कोरडाच राहतो.

स्लॅबचं घरही फसवतं. विटा-खानापूर बाजूला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यावर बांधलेले बंगले वर्षभर बंद असतात, आत फक्त म्हातारी माणसं. तासगावच्या द्राक्षवाल्याच्या दारात गाडी असते आणि औषधाच्या दुकानात दोन हंगामांची उधारी. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा आणि बँकेचा बोजा दिसतो. सावकाराचं देणं तिथे कधीच दिसत नाही.

एखादा गट कारण म्हणून जातीचं नाव घेतो. तिथे थांबू नका. ‘म्हणजे काय नाही त्यांच्याकडे?’ असं परत विचारा. जमीन, बैल, जामीन राहणारं माणूस, असं खरं कारण दुसऱ्या प्रश्नाला येतं.

कर्ज कसं विचारायचं

प्रत्येक ढिगातली तीन-चार घरं निवडून निवांत बसा. ‘कर्ज किती?’ हा प्रश्न बाद. ‘या महिन्यात कुणाकुणाला द्यायचंय?’ असं विचारा. वाण्याची उधारी, बचत गट, मायक्रोफायनान्सचा हप्ता, ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम), हातउसने असं एकेक निघत जातं. एक हप्ता भरायला दुसरीकडून पैसे घेतले असतील तर त्याची वेगळी खूण करा. ते घर पुढच्या आजारपणात कोसळणार.

मग विचारा, मागचं मोठं आजारपण आलं तेव्हा आधी काय केलं, नंतर काय, शेवटी काय. तेल-दूध कमी केलं, शेळी विकली, सोनं ठेवलं, सावकार गाठला, पोरीची शाळा थांबवली, तिचं लग्न लवकर उरकलं. क्रम फार महत्त्वाचा आहे. बऱ्या घरात पहिली पायरी बँकेची असते, तळातल्या घरात शाळा सुटणं दुसऱ्या पायरीवरच येतं.

व्याज ‘शेकडा’ सांगितलं जातं, म्हणजे महिन्याचं. शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के. २०,००० रुपयांवर महिना १,००० आणि वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज, मुद्दल तसंच. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांवर घेता येत नाही. कुणी तक्रार करायला तयार असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी अर्ज जातो. त्यांच्या इच्छेशिवाय तुम्ही जाऊ नका. तुम्ही परत जाल, त्यांना तिथेच राहायचंय.

वस्तीवर परिणाम कसा दिसतो

नकाशावर प्रत्येक चुलीला तिच्या ढिगाच्या रंगाचा ठिपका द्या. मग नळाची लाईन, खांबावरचे दिवे, टँकरची जागा, डांबरी रस्ता कुठे संपतो ते बघा. बोलून न सांगितलेलं इथे दिसतं.

देण्याघेण्याचंही विचारा. जत्रेची पट्टी घरटी सारखी की ऐपतीप्रमाणे? पेरणीला पैरा, म्हणजे बैलांची आणि कामाची अदलाबदल, कुणाशी? बैल विकला की माणूस पैऱ्यातून गळतो, मग भाड्याचा ट्रॅक्टर, त्यासाठी उधारी. लग्नाचं आवतण येतं पण आहेराला पैसे नाहीत म्हणून बाई जात नाही, पुढच्या वर्षी आवतणही येत नाही. अडचणीत हात पसरायला जी घरं असतात ती अशी कमी होत जातात. हे पैशात मोजता येत नाही, म्हणून फॉर्ममध्ये नसतं.

नंतर

शेवटचा ढीग आणि रेशनकार्डं शेजारी ठेवा. महिना ३५ किलोचं अंत्योदय कार्ड वरच्या ढिगात आणि तळातल्या घराकडे कुठलंच कार्ड नाही, असं दिसलं तर घरांची नावं न घेता फक्त आकडे महिला सभेत आणि मग ग्रामसभेत मांडा. यादी मोठ्याने वाचली तर एका संध्याकाळीत माणसांची अब्रू जाते.

पत्ते गावात सोडू नका. क्रमांक आणि गुण एका वहीत, नावं दुसरीकडे. तीन वर्षांनी तेच क्रमांक घेऊन जा. जी चूल वर चढली किंवा खाली आली तिच्यापुरतंच विचारा, मधल्या काळात काय झालं.