वॉर्डात उभं कोण आहे हेच माहीत नसतं? बेळगावकडच्या मतदारांनो, या चुका टाळा

2021 ला बेळगाव महापालिकेच्या मतदानाला मी अर्ध्या मनानंच गेलो होतो, सगळे सारखेच म्हणत, आणि मशीनवरची नावं वाचताना कळलं की यातल्या निम्म्यांना आपण ओळखतच नाही. शेवटी चिन्ह बघून बटण दाबलं. पक्षांच्या चिन्हांवर झालेली ती पहिलीच महापालिका निवडणूक, त्यामुळे ते सोपंही होतं. पण ते मत अजून मनाला लागतं. तेव्हा माझं काय चुकलं ते लिहितोय, तुमचं चुकू नये म्हणून.

पहिली चूक म्हणजे उशीर. माघारीची मुदत संपली की मतदानापर्यंत जेमतेम आठवडा असतो आणि त्यात रिक्षाचे भोंगे, पाहुणे, जेवणं, मग चौकशी करायची कधी? जुना नगरसेवक परत उभा राहणार असेल तर त्याच्या काळात वॉर्डात कुठली कामं झाली आणि बिलं किती निघाली हे माहिती अधिकारात आधीच मागा. फी 10 रुपये, कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज टाकला तर उत्तर निकालानंतरच हातात पडणार.

दुसरी चूक माझी सगळ्यात मोठी. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र कन्नडात असतं म्हणून मी ते बघायलाच गेलो नाही. मराठीत कागद मिळायला पाहिजेत ही आपली मागणी रास्तच आहे, ती सोडायची नाही, पण तोपर्यंत न वाचता मत द्यायचं हे बरोबर नाही की. आपल्या बहुतेक घरात शाळेत कन्नड शिकणारं एखादं पोरगं असतंच, नाहीतर मोबाईलवर फोटो काढून भाषांतर होतं. निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन कागद बघायला मागा. गुन्ह्यांचा रकाना, मालमत्ता, कर्ज, एवढं वाचलं तरी माणूस बऱ्यापैकी कळतो. एखादा रकाना कोरा असेल तर दारात आल्यावर सरळ विचारा. तामिळनाडूतल्या एका पंचायतीच्या निवडणुकीत गुन्हे लपवले म्हणून निवड रद्द झाली होती आणि 2015 ला सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. पंचायत लहान आहे म्हणून लपवलेलं चालतं असं नाही.

तिसरी, कुणाच्या हातात काय आहे हे न बघता शिव्या देणं. 2021 च्या सप्टेंबरात आपण 58 जण निवडून दिले पण महापौर निवडला गेला 2023 च्या फेब्रुवारीत. तोवर सभागृह चालूच नव्हतं, आणि आम्ही गटारीसाठी नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडत होतो! त्या दीड वर्षाचा हिशोब त्याच्याकडे नाही, ज्यांनी ती निवड लांबवली त्यांच्याकडे मागायला पाहिजे होता.

खेड्यात गोष्ट वेगळी. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तरी पॅनेल असतंच, गल्लीतली पंच मंडळी ठरवतात आणि आपण सगळ्या नावांवर शिक्के मारून येतो. एका वॉर्डात दोन-तीन जागा असल्या तर तेवढी मतं आपल्याला असतात, त्यातलं एक नाव पॅनेलबाहेरचं चाललं तरी काही बिघडत नाही. जागांपेक्षा जास्त शिक्के मात्र मारू नका, मत बाद होतं.

महाराष्ट्र एकीकरण समितीचा (बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणारी आपली संघटना) का राष्ट्रीय पक्षाचा, एवढंच विचारून थांबणं हीसुद्धा चूकच, आणि हे मी सीमाप्रश्न मनापासून मानणारा माणूस म्हणून सांगतोय. मराठीसाठी उभा आहे म्हणणाऱ्यालाही पाण्याची टाकी, घरपट्टी, रस्त्याचं टेंडर विचारलंच पाहिजे. उत्तर देता येणारा माणूस समितीतही सापडतो आणि बाहेरही.

मतदार यादीचं थोडक्यात, स्थानिक यादी विधानसभेच्या यादीवरनंच वॉर्डाप्रमाणे पाडतात, तिथं नाव नसलं तर इथंही नसतं, म्हणून आधीच तपासा.

आणि गावात असाल तर वॉर्डसभा, ग्रामसभा चुकवू नका, कायद्यानं सहा महिन्यांतनं एकदा तरी घ्यावी लागते. नोटीस पंचायतीच्या बोर्डावर लागते. तिथं कोण खर्चाचा कागद मागतो, कोण सही करून चहा पिऊन निघून जातो हे बघून ठेवा, पुढच्या वेळी अर्ज भरणारे बहुतेक त्यांच्यातलेच असतात.