मलाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर शौचाची घडी आहारातून कशी बसवावी

मलाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन आतडे पुन्हा जोडले गेले, की भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण दोन सल्ले देऊन जातो : ‘हलके खा’ आणि ‘चोथा भरपूर खा’. हे दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत, हे सांगणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. ऐकणारा मात्र आठवडाभर एक, आठवडाभर दुसरा असे करत अधिकच हैराण होतो. मी स्वतः हे सर्व केले आहे आणि नंतर याच वाटेने जाणाऱ्या अनेकांच्या ताटांचे हिशेबही मांडले आहेत.

मलाशय हे मल साठवून ठेवण्याचे आणि सवड मिळेपर्यंत थोपवून धरण्याचे ठिकाण असते. ते काढून मोठे आतडे थेट गुदद्वाराजवळ जोडल्यावर ही साठवण बरीच कमी होते, आणि अन्न पोटात जाताच मोठे आतडे हलू लागण्याची जी क्रिया प्रत्येकाच्या शरीरात असते, तिचा धक्का झेलायला मध्ये काही उरत नाही. म्हणून अचानक कळ येते, तासाभरात चार-पाच वेळा थोडे थोडे होते आणि वायू आहे की मल, हेही कळेनासे होते. या लक्षणसमूहाला वैद्यकात ‘लार्स’ (लो अँटिरिअर रिसेक्शन सिंड्रोम) म्हणतात. त्याची तीव्रता मोजण्यासाठी २०१२ साली प्रसिद्ध झालेली पाच प्रश्नांची ० ते ४२ गुणांची पद्धत आहे, आणि ३० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास त्रास तीव्र समजला जातो. जोड गुदद्वाराच्या जितका जवळ, तितका त्रास अधिक असतो आणि रेडिएशन झालेले असल्यास त्यात भर पडते. पहिल्या एक-दोन वर्षांत बहुतेकांना हळूहळू उतार पडतो. तोपर्यंत आहाराकडून अपेक्षा एवढीच ठेवावी की मल घट्टसर आणि एकसंध व्हावा. खेपा कमी करण्यासाठी खाणे कमी करणे हा उपाय नव्हे.

पहिले काही आठवडे शल्यचिकित्सकांनी सांगितलेला कमी चोथ्याचा आहारच घ्यावा. त्यानंतर दोन आठवडे वही ठेवावी : काय खाल्ले, किती वाजता, शौचाला कधी लागले, मल कसा होता. जेवणे लहान आणि ठरलेल्या वेळी घ्यावीत, आणि रात्रीचे जेवण लवकर उरकावे.

आता चोथ्याचा प्रश्न. माझी खरी फजिती येथेच झाली, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. चोथा दोन प्रकारचा असतो. ओट्स, केळे, साल काढून शिजवलेले सफरचंद, गाजर, बटाटा यांतून मिळणारा विद्राव्य चोथा पाणी शोषून मऊ, चिकट गोळा धरतो. गव्हाचा कोंडा, फळांच्या साली, बिया, मका, कच्च्या पालेभाज्या यांतला अविद्राव्य चोथा आतड्याला पुढे ढकलतो. बद्धकोष्ठ असलेल्या माणसाला ही ढकल हवी असते. आपल्याला ती नको असते. त्यामुळे ‘चोथा खा’ एवढाच सल्ला मला अर्धवट नव्हे, तर अपायकारक वाटतो.

इसबगोलाचा भुसा हा विद्राव्य चोथ्याचा सर्वांत सोयीचा स्रोत आहे, पण तो घेण्याची रीत येथे वेगळी आहे. बद्धकोष्ठासाठी लोक रात्री दोन मोठे चमचे भरपूर पाण्यातून घेतात, तसेच मीही पहिल्या दिवशी केले आणि पहाटेपर्यंत शौचालयातून बाहेर पडलो नाही. अर्ध्या लहान चमच्यापासून, दिवसातून एकदा, जेवणाच्या वेळी सुरुवात करावी. तो सुमारे अर्धा पेला पाण्यात नीट कालवून लगेच प्यावा आणि त्यानंतर तासभर जास्त पाणी पिऊ नये; पाण्याची भरपाई दिवसाच्या उरलेल्या वेळात करावी. कोरडा भुसा मात्र कधीही तोंडात टाकू नये, कारण तो घशात फुगून अडकतो. प्रमाण तीन-चार दिवसांनी, तेही अर्ध्याच चमच्याने वाढवावे. सुरुवातीला वायू वाढतो. त्याला घाबरून दुसऱ्याच दिवशी बंद करणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि त्यांना या उपायाचा गुण कधीच कळला नाही. इतर औषधांत आणि यात दोन तासांचे अंतर असावे. जोडाची जागा अरुंद झाली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे काहीही करू नये.

कॉफी, मद्य, तिखट, तळलेले, दूध आणि साखरविरहित गोळ्यांतील सॉर्बिटॉल हे नेहमीचे संशयित आहेत. यांतला एकेकच पदार्थ तीन-चार दिवस बंद करून वही पाहावी. एका वेळी दहा पदार्थ सोडणाऱ्याला दोषी कोण ते कळत नाही आणि वजन तेवढे उतरते.

डॉक्टरांनी लोपेरामाइड हे जुलाब रोखणारे औषध दिले असेल, तर ते जेवणापूर्वी अर्धा तास घेण्याविषयी त्यांना विचारावे. जुलाब सुरू झाल्यावर धावपळीत घेतलेल्या गोळीचा उपयोग उशिरा होतो. पोट फुगून उलट्या होणे, वायू अजिबात न सरणे, रक्त पडणे किंवा ताप येणे यांपैकी काहीही झाल्यास वही बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे.

बाहेर जायचे म्हणून दिवसभर उपाशी राहण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. रिकाम्या आतड्यात वायू होतो, आणि परतल्यावर भुकेपोटी घेतलेले मोठे जेवण एकाच दणक्यात सगळा हिशेब वसूल करते. त्याऐवजी निघण्यापूर्वी दोन-तीन तास आधी थोडे, ओळखीचे आणि वहीत निर्दोष ठरलेले अन्न खावे, शौचाच्या खेपा घरीच होऊ द्याव्यात, आणि त्या थांबल्यावरच दाराबाहेर पडावे.