एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना

सूक्ष्मजीवशास्त्र विभागात नव्याने रुजू होणाऱ्या सहायक प्राध्यापकाने पहिले व्याख्यान तयार करायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: आपल्यासमोर बसलेल्या मुलांपैकी फार थोडी पुढे या विषयात येणार आहेत, परंतु जवळजवळ प्रत्येकाला उद्या वॉर्डात रुग्णाचा नमुना घ्यायचा आहे, तो प्रयोगशाळेत पाठवायचा आहे आणि आलेला रिपोर्ट वाचून निर्णय घ्यायचा आहे. आमच्या पिढीला हा विषय जंतूंच्या यादीने शिकवला गेला. प्रत्येक जंतूची रचना, वाढ, रासायनिक चाचण्या, रोग आणि निदान असा ठरलेला क्रम होता आणि तो आम्हाला तोंडपाठ असे. तरीही इंटर्नशिपमध्ये मी एका तापाच्या रुग्णाचे ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) अँटिबायोटिकचे दोन डोस झाल्यानंतर पाठवले आणि ‘वाढ नाही’ हा रिपोर्ट खरा मानला. कल्चरसाठी रक्त औषध सुरू होण्याआधी घ्यावे हे मला माहीत होते. ते कोणाच्या तरी पलंगाशेजारी उभे राहून कधी शिकलो नव्हतो, एवढेच.

2019 मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून देशभर लागू झालेल्या क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता यावे यावर बेतलेल्या, अभ्यासक्रमाने हा क्रम बदलला आहे. सामान्य सूक्ष्मजीवशास्त्र आणि प्रतिकारशक्ती यांच्यानंतर विषयाची मांडणी शरीरसंस्थांनुसार होते: रक्ताभिसरण, पचनसंस्था, त्वचा आणि स्नायू, मज्जासंस्था, श्वसनसंस्था, मूत्र व जननसंस्था आणि शेवटी प्राणिजन्य रोग. हा बदल कागदावरच राहू द्यायचा नसेल तर प्रत्येक पाठाची सुरुवात नमुन्यापासून करावी. वर्गात शिरताच एक थुंकीची डबी आणि तिच्यासोबतचा भरलेला अर्ज टेबलावर ठेवावा (डबी रिकामी चालेल, अर्ज मात्र खऱ्यासारखा हवा) आणि विचारावे की यात काय लिहायचे राहून गेले आहे. नमुना किती वाजता घेतला, औषध सुरू आहे का, संशय कशाचा आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून न्यूमोनिया आणि क्षयरोग यांची अर्धी चर्चा आपोआप उभी राहते.

प्रात्यक्षिकांत सर्वांत जास्त वेळ रंजनप्रक्रियांना, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसावेत म्हणून जंतू रंगवण्याला, द्यावा. हान्स क्रिश्चन ग्राम यांनी 1884 मध्ये मांडलेली, जंतूंचे जांभळे (ग्राम पॉझिटिव्ह) आणि गुलाबी (ग्राम निगेटिव्ह) असे दोन गट पाडणारी पद्धत आजही विद्यार्थ्याच्या हातात एकाच ठिकाणी बिघडते, ती म्हणजे रंग उतरवताना. म्हणून ही पायरी तोंडी सांगू नये, हातावर दाखवावी. स्मीअर (स्लाइडवर पसरलेला नमुन्याचा थर) इतका पातळ पसरावा की खाली ठेवलेल्या कागदावरची अक्षरे त्यातून वाचता आली पाहिजेत. तो पूर्ण वाळल्यावर स्लाइड ज्योतीवरून तीनदा फिरवावी आणि तिची पाठ हाताच्या मागच्या बाजूला टेकवून पाहावी. ती कोमट लागावी, चटका बसता कामा नये. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन प्रत्येकी एक मिनिट झाल्यावर स्लाइड तिरकी धरून ॲसिटोन सोडावे, आणि जांभळे पाणी ओघळायचे थांबते त्याच क्षणी, म्हणजे दोन-तीन सेकंदांतच, तिच्यावर नळाची धार धरावी. यानंतर सॅफ्रनिन. हे जमले की मुद्दाम बिघडवलेली एक स्लाइडही द्यावी: स्टॅफिलोकॉकस या मुळात जांभळ्या दिसणाऱ्या जंतूवर ॲसिटोन वीस सेकंद ठेवलेली. गुलाबी गोल जंतूंचे घोस पाहून काही जण ‘ग्राम निगेटिव्ह’ असे लिहितात, आणि मग जाड भित्तिका, त्यात अडकलेला रंग आणि तो बळजबरीने बाहेर काढणारा ॲसिटोन हे सगळे समजावून सांगायला वेगळे व्याख्यान लागत नाही.

झील-नील्सनच्या, म्हणजे क्षयरोगाचे जंतू दाखवणाऱ्या, स्लाइडबाबत माझा आग्रह मोजणीचा आहे. एक जंतू सापडला की मुले हात वर करतात. त्यांना शंभर क्षेत्रे (सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक क्षेत्र) मोजायला लावावीत, कारण शंभर क्षेत्रांत 1 ते 9 जंतू म्हणजे ‘स्कॅन्टी’ आणि 10 ते 99 म्हणजे ‘1+’ असा रिपोर्ट जातो, आणि ‘निगेटिव्ह’ लिहिण्याचा अधिकार शंभर क्षेत्रे पाहिल्याशिवाय मिळत नाही. मान अवघडते, डोळे दुखतात. क्षयरोग केंद्रातला तंत्रज्ञ दिवसभर काय करतो हे त्यातूनच कळते.

इम्युनोलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचा अभ्यास, हा मुलांना सर्वांत कोरडा वाटणारा भाग आहे, आणि तो सलग महिनाभर शिकवला तर तसाच राहतो. मूलभूत चौकट थोडक्यात सांगून पुढचे सारे रिपोर्टच्या आधाराने शिकवावे. फळ्यावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर तापाचे दिवस मांडावेत. डेंग्यूचा रुग्ण तिसऱ्या दिवशी आला तर एनएस1 हे विषाणूचे प्रतिजन सापडण्याची शक्यता अधिक असते, परंतु आयजीएम (शरीर सर्वांत आधी बनवते ते प्रतिपिंड) बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागते. तोच रुग्ण आठव्या दिवशी आला तर चित्र उलटे होते. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशीला जंतूची ओळख पटायला, तिची संख्या वाढायला आणि प्रतिपिंडे रक्तात उतरायला लागणारा वेळ विद्यार्थी त्या रेघेवर स्वतः वाचतो. त्याच रेघेवर टायफॉइडची प्रतिपिंडे शोधणारी विडाल चाचणी ठेवावी आणि टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात ती करण्याऐवजी ब्लड कल्चर का मागवावे हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे.

लसींचा तास महाराष्ट्रात शिकवणाऱ्याने जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांच्यापासून सुरू करावा. प्लेगच्या साथीत, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मेलेला जंतू शरीराला काय शिकवतो, हा प्रश्न इथे विचारावा. मात्र तिथेच थांबू नये. 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. दगावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतून लस दिली गेली होती, आणि ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यातून ते निर्दोष सुटायला 1907 उजाडले. बाटली प्रयोगशाळेत दूषित झाली की गावात उघडताना, हा वाद मुलांपुढे ठेवला की निर्जंतुकीकरण, बीजाणू आणि ऑक्सिजनविना वाढणारे जंतू हे तिन्ही विषय त्या एका बाटलीत सापडतात. मी हा तास दरवर्षी घेतो आणि तो संपल्यावरही मुले बाकावरून उठत नाहीत.

हात धुणे आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग यांसाठी व्याख्यान नको. बेसिनपाशी न्यावे आणि अंगठा व बोटांची टोके कोण विसरते ते पाहावे.

राहिली परीक्षा. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘ही स्लाइड ओळखा’ असे विचारण्याऐवजी नमुना, तापाचा दिवस आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी द्यावी आणि रिपोर्ट लिहायला सांगावे. लॉगबुकमध्ये ग्राम रंजनापुढे सही करताना विद्यार्थ्याने स्वतः रंगवलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली आपण स्वतः पाहावी, आणि ती बिघडलेली असेल तर सही न करता त्याच दुपारी दुसरी कोरी स्लाइड त्याच्या हाती द्यावी.