एलजीबीटी रुग्णांच्या सेवेसाठी कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण : या चुका टाळा

मुंबईतल्या रुग्णालयांत हे प्रशिक्षण ठरलं की सहसा सेमिनार हॉल घेतला जातो, निवासी डॉक्टरांची हजेरी लागते, दोन तास स्लाइड्स दाखवल्या जातात आणि प्रमाणपत्रं वाटली जातात. पण तृतीयपंथी किंवा समलिंगी रुग्ण उपचार न घेता परत फिरतो तो बऱ्याचदा डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधीच. कर्जतहून पहाटेची लोकल पकडून आलेला माणूस खिडकीवरच्या एका शेऱ्यानं घरी जातो आणि दुखणं अंगावर काढत राहतो. म्हणून प्रशिक्षणाची आखणी रुग्णाच्या वाटेनं करा. गेट, केसपेपर, ओपीडी, लॅब, एक्स-रे, औषधांची खिडकी, वॉर्ड.

फक्त डॉक्टरांनाच बसवणं

सुरक्षारक्षक, क्लार्क, नाव पुकारणारे मामा, सिस्टर, लॅब टेक्निशियन, वॉर्डातल्या मावशी या सगळ्यांना शिकवायला हवं, पण एकाच हॉलमध्ये नको. डॉक्टरांसमोर मावशी तोंड उघडत नाहीत. वीस-पंचवीस जणांची तुकडी, दीड तास, त्यांच्याच कामावरचे प्रसंग. रक्षकाला शिकवायचं ते एवढंच: हिजडा दिसली की ती पैसे मागायला आली असं समजून अडवायचं नाही, इतरांना विचारतो तेच विचारायचं. कंत्राटी रक्षक बदलत राहतात, तेव्हा हे सत्र दर तीन-चार महिन्यांनी लावावं लागतं. रात्रपाळीही विसरू नका. मारहाण झालेले, लैंगिक अत्याचार झालेले रुग्ण बऱ्याचदा त्याच वेळी येतात.

नाव बदलायला सांगणं, पण नोंदीचं न सांगणं

आधार कार्डावर जुनं नाव असतं, व्यक्ती वेगळ्या नावानं जगत असते. साडी नेसून बसलेल्या व्यक्तीला भरल्या ओपीडीत ‘सुरेश’ म्हणून हाक गेली की सगळ्यांच्या माना वळतात. हे कळलं की उत्साहानं केसपेपरवरचं नाव बदललं जातं, आणि मग नवी अडचण उभी राहते. केसपेपरवर एक नाव, रक्ताच्या नळीवर दुसरं. लॅब नमुना नाकारते, किंवा त्याहून वाईट म्हणजे रिपोर्ट भलत्याच्या फाइलला लागतो.

दोन्ही नावं ठेवा. ओळखपत्रावरचं नाव बिल, नळीचं लेबल आणि संमतीपत्रासाठी. वापरातलं नाव केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात, ठरलेल्या एकाच जागी, हाक मारण्यासाठी. नमुना जुळवताना केसपेपर क्रमांक आणि जन्मतारीख तपासायची, म्हणजे चेहरा आणि नाव जुळत नाही म्हणून सगळ्यांदेखत उलटतपासणी करावी लागत नाही. सर्वात सोपं म्हणजे सगळ्यांनाच टोकन क्रमांकानं बोलवा. आणि बोलताना ‘तुम्ही’. ‘कधी आलात, काय होतंय, बसा’ यात बाई की पुरुष हा प्रश्नच येत नाही. हे खिडकीवर पाच-सहा वेळा मोठ्यानं बोलून घ्यावं लागतं. नुसतं ऐकून जिभेची सवय मोडत नाही.

‘लग्न झालंय का?’ यावरून लैंगिक इतिहास ठरवणं

पुरुषांशी संबंध असलेले कितीतरी पुरुष विवाहित असतात. ‘हो’ हे उत्तर लिहून पुढं गेलं की तपासणीच चुकते. ‘हे मी सगळ्यांनाच विचारते’ असं सांगून विचारायचं: तुमचे संबंध पुरुषांशी येतात, स्त्रियांशी, तृतीयपंथी व्यक्तींशी की एकाहून अधिकांशी? मग कोणत्या प्रकारचे, हे. नातेवाईक बाहेर, पडदा ओढलेला. याचा थेट फायदा असा: घशात आणि गुदद्वारात गोनोरिया किंवा क्लॅमिडिया (संबंधांतून पसरणारे संसर्ग) असला तरी बऱ्याचदा लक्षण काहीच नसतं आणि लघवीच्या तपासणीत तो सापडत नाही. संबंध जिथे येतो तिथला स्वॅब घ्यावा लागतो. एचआयव्हीची लागण होऊ शकेल असा संबंध कालपरवाच आला असेल तर पीईपी (लागण टाळणारी औषधं) ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस द्यायची असते. लाजेपायी हा प्रश्न टाळला तर ती वेळ निघून जाते.

उलट टोकही तितकंच वाईट. कान दुखतोय म्हणून आलेल्या ट्रान्स स्त्रीला (जन्मावेळी पुरुष म्हणून नोंद झालेली, पण स्त्री असलेली व्यक्ती) ‘ऑपरेशन झालंय का?’ विचारायचं कारण नाही. उत्तरानं उपचार बदलणार असेल तरच विचारा. आणि समलिंगी दिसला म्हणून न विचारता एचआयव्ही चाचणी लावणं बेकायदा आहे. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता बंधनकारक आहे. एचआयव्ही आहे म्हणून फाइलीवर लाल शेरा मारायची सवय याच सत्रात मोडा.

शरीरातले अवयव विसरणं

डॉक्टरांच्या सत्रातला सर्वाधिक वेळ इथे द्या. ट्रान्स पुरुषाच्या (जन्मावेळी स्त्री म्हणून नोंद झालेला, पण पुरुष असलेला) दाढीमिशा पाहून गर्भाशयमुखाची तपासणी कुणी सुचवत नाही. गर्भाशयमुख असेल तर ती लागतेच. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनमुळे तिथली त्वचा पातळ झालेली असते, स्मिअर (तपासणीसाठी घेतलेला पेशींचा नमुना) अपुरा येऊ शकतो, म्हणून तपासायचं साधन, म्हणजे स्पेक्युलम, लहान वापरावं. टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो. योनी तयार करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या ट्रान्स स्त्रीलाही प्रोस्टेट ग्रंथी असतेच.

लॅब रिपोर्टचं एक उदाहरण तुकडीसमोर ठेवा. टेस्टोस्टेरॉन नियमित घेणारा ट्रान्स पुरुष, हिमोग्लोबिन १२.३. फॉर्मवर ‘स्त्री’ टिक केलेलं असल्यानं रिपोर्ट ‘नॉर्मल’ छापून येतो. पुरुषाच्या मर्यादेनुसार हा पंडुरोग असू शकतो आणि तो तसाच सुटतो. उलट १६ आलं की यंत्र ‘जास्त’ म्हणतं आणि विनाकारण धावपळ होते. खरी काळजी हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेल्यावर. म्हणून लॅब फॉर्मवर ‘हार्मोन चालू, कधीपासून’ ही ओळ हवी.

ट्रान्स स्त्रिया केमिस्टकडून गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला अनेक घेताना आढळतात. त्यातल्या इथिनिल इस्ट्राडिओल या स्त्री-हार्मोननं रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तंबाखू किंवा सिगारेट असेल तर आणखी. ‘स्वतःच्या मनानं कशाला घेता?’ असं ओरडलं की पुढच्या वेळी ती सांगणारच नाही, आणि भूल देण्याआधी तीच माहिती सर्वात जास्त लागते.

‘बरं करता येईल का?’ या प्रश्नाची तयारी न करणं

मालाडच्या मालवणीतल्या किंवा धारावीतल्या फॅमिली डॉक्टरांकडे आईबाप मुलाला घेऊन येतात आणि नेमकं हेच विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार करणं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण जुन्या न्यायवैद्यक पुस्तकांवर शिकलेले डॉक्टर अजून प्रॅक्टिसमध्ये आहेत, आणि २०२४च्या ऑगस्टअखेर आलेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमातही समलैंगिक संबंध पुन्हा गुन्ह्यांच्या यादीत आले होते. विरोधानंतर तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला. म्हणून तोंडी उत्तर पाठ करून घ्या: ‘हा आजार नाही, औषध नाही, याला धाक दाखवू नका, झोप, जेवण, घरातली भांडणं याबद्दल आपण बोलू.’ नंतर मुलाशी एकट्यानं बोलायचं, आणि आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारायचं.

सहीसाठी रक्ताचं नातं शोधत बसणं

शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची स्वतःची संमतीच ग्राह्य असते. सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली प्रकरणात २००८ साली ते स्पष्ट केलं आहे. मानसिक आजाराच्या उपचारात मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार रुग्ण कुणाही सज्ञान, तयार व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमू शकतो, मग तो जोडीदार असो वा हिजडा समाजातला गुरू. दाखल करतानाच ‘कुणाला कळवायचं?’ विचारून लिहून घ्या. ‘नातं’ या रकान्यात रुग्ण सांगेल तो शब्द.

समाजातल्या व्यक्तीला नमुना म्हणून बोलवणं

वाकोल्याच्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्था १९९४पासून मुंबईत काम करत आहेत. त्यांचे प्रशिक्षक बोलवा, मानधन द्या, आखणीत घ्या. शेवटच्या दहा मिनिटांत ‘आता यांना काहीही विचारा’ असं करू नका. प्रश्न आधी निनावी चिठ्ठ्यांवर घ्या आणि खासगी चिठ्ठ्या बाजूला काढा.

सत्रानंतरची लेखी परीक्षा फक्त पाठांतर मोजते. तीन महिन्यांनी त्याच वाटेनं पुन्हा फिरा. वापरातलं नाव विचारलं जातं का, लॅब फॉर्मवर हार्मोनची ओळ भरलेली दिसते का, रात्रपाळीत शिकलेलं कुणी आहे का. तक्रार कुणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचं पद आणि अंतर्गत फोन क्रमांक मराठी, हिंदीत केसपेपरच्या खिडकीशेजारी लावा. ज्या पाळीतून तक्रार येईल, त्या पाळीचं सत्र त्याच महिन्यात पुन्हा घ्या.