डिस्पर्सलमधला स्वस्त घोडा: या चुका टाळा

डिस्पर्सल म्हणजे मालकाने, किंवा त्याच्या पश्चात वारसांनी, शर्यतीच्या घोड्यांचा अख्खा तबेला विकायला काढणं. 'ड्राफ्ट' वेगळा. त्यात मालक चांगले घोडे घरी ठेवून नको असलेले पाठवतो, थोडक्यात खोगीरभरती. बरेच नवखे दोन्ही एकाच हिशेबात धरतात आणि तिथेच फसतात. खऱ्या डिस्पर्सलमध्ये एरवी विक्रीला कधीच न आलेला घोडाही लिलावात उभा राहतो.

इक्लिप्स असाच आला. १७६४ च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेलं हे शिंगरू, कंबरलंडचा ड्यूक १७६५ मध्ये वारल्यावर विकायला निघालं. सांगतात की स्मिथफील्डचा मांस व्यापारी विल्यम वाइल्डमन पोचला तेव्हा लिलाव सुरू झाला होता. त्याने घड्याळ काढून दाखवलं, की जाहीर वेळेआधीच सुरुवात केलीत, पुन्हा बोली लावा! इक्लिप्स त्याला ७५ गिनींना (गिनी हे जुनं ब्रिटिश नाणं) मिळाला आणि पुढे १८ शर्यतींत एकदाही हरला नाही. किस्सा तिखटमीठ लावलेला असेलही, पण कोणता घोडा हवा हे वाइल्डमन घरूनच ठरवून आला होता.

डिस्पर्सल म्हणजे स्वस्ताई, हाही भ्रमच. १९८८ मध्ये चांदीच्या सट्ट्यात बुडालेल्या नेल्सन बंकर हंट या अमेरिकी धनाढ्याचे ५८० घोडे अमेरिकेतल्या कीनलँडच्या लिलावात विकले गेले, तेव्हा १८ वर्षांची नामांकित घोडी डाहलिया ११ लाख डॉलरना गेली! नामांकित रक्ताच्या घोड्यांवर पैदासवाल्यांची झुंबड असते. तुम्ही खच्ची केलेले, धावते घोडे बघा. त्यांना पैदाशीची किंमत नसते, फक्त पायांची असते.

म्हणून पाय बघा. टेंडनवर (पायाच्या मागच्या कंडरेवर) हात फिरवा, दोन्ही पायांची ऊब ताडून पाहा, शर्यतींमधल्या लांब खंडांचं कारण विचारा. धावताना घरघर होते का, तेही. ब्रिटनमध्ये श्वासमार्गाची शस्त्रक्रिया झालेल्या घोड्याबद्दल २०१८ पासून रेसकार्डवर, म्हणजे शर्यतीतल्या घोड्यांच्या छापील माहितीपत्रकावर, नोंद येते, तेव्हा जुनी रेसकार्डं चाळा. 'धर्माची गाय आणि दात का नाय' असं इथे चालत नाही. पैसे मोजताय, पशुवैद्य सोबत न्या, आणि बोलीआधी न्या.

इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या लिलावात बोली अजून गिनीत लागते: २०,००० गिनी म्हणजे २१,००० पाउंड. हातोडा पडला की जोखीम तुमची. आधी विमेवाल्याला फोन, मग चहा.