एम्पाग्लिफ्लोझिनची किंमत, नियम आणि विमा यांवर लक्ष कसे ठेवावे

एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाचे भारतातील पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि तोवर साठ रुपयांच्या आसपास पडणारी गोळी देशी कंपन्यांनी पाच-सहा रुपयांपासून बाजारात आणली. तरीही जुन्याच नाममुद्रेची (ब्रँडची) चिठ्ठी दाखवून जुन्याच भावाने औषध घेणारे रुग्ण आहेत. म्हणून पहिले काम म्हणजे स्ट्रिपवरील ठळक नाव बाजूला ठेवून त्याजवळचे मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅममधील मात्रा वहीत उतरवून घेणे. पुढचा सगळा शोध याच दोन गोष्टींवर चालतो.

किंमत कोण ठरवते, हे औषधाच्या वर्गावर अवलंबून असते. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेनेलिग्लिप्टिन आणि ग्लार्जिन इन्सुलिन ही मधुमेहावरील औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. यादीत दिलेल्या मात्रांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, ठरवते आणि घाऊक किंमत निर्देशांकानुसार दर १ एप्रिलला ती बदलू शकते. २०२३ मध्ये ही वाढ १२ टक्क्यांहून अधिक होती, तर २०२४ मध्ये जवळजवळ शून्य. एम्पाग्लिफ्लोझिन त्या यादीत नाही. अशा औषधाची छापील किंमत कंपनी स्वतः ठरवते, मात्र बारा महिन्यांत ती दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. त्यामुळे मागच्या वर्षीचे बिल जपून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि, माझ्या मते, सर्वांत उपयोगी उपाय आहे.

यादीतील औषधाचा हिशेब घरीच करता येतो. एनपीपीएच्या ‘फार्मा सही दाम’ अ‍ॅपवर कमाल किंमत बहुधा एका गोळीची आणि कराविना असते. समजा, ती दोन रुपये असेल, तर पंधरा गोळ्यांचे तीस रुपये आणि त्यावर पाच टक्के जीएसटी धरून साडेएकतीस रुपये होतात. स्ट्रिपवरील छापील किंमत याहून जास्त असेल तर एनपीपीएकडे तक्रार नोंदवता येते. (औषधांवरील हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला.)

गुणवत्तेसाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्था दरमहा निकृष्ट ठरलेल्या औषधांची यादी जाहीर करते, आणि त्या यादीत कंपनीच्या नावाइतकाच बॅच क्रमांक महत्त्वाचा असतो. अडचण अशी की दुकानदार सहा गोळ्या कापून देतो तेव्हा तो क्रमांक बहुतेकदा उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहतो. अशा वेळी तो बिलावर लिहून मागावा.

विम्याबाबत अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. नेहमीची पॉलिसी मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देते. रोजची गोळी बाह्यरुग्ण खर्चात मोडते आणि त्यासाठी वेगळे कलम असावे लागते. मधुमेह आधीपासून असल्यास प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च पॉलिसी देत नाही तो सुरुवातीचा काळ, एप्रिल २०२४ पासून कमाल ३६ महिने आहे, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी आपल्या कागदावर किती महिने लिहिले आहेत ते पाहावे. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे किंवा ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) लाभार्थी असाल, तर औषध आधी त्या योजनेच्या दवाखान्यातच मागावे. नाममुद्रा बदलण्यापूर्वी मात्र वहीतले मूळ नाव आणि मात्रा डॉक्टरांना दाखवावी, कारण सारख्याच दिसणाऱ्या नावांत मेटफॉर्मिन मिसळलेली गोळीही असू शकते.