घराजवळची सरकारी प्राथमिक शाळा कशी पारखावी

मुलाला पहिलीत घालण्याआधी जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा पाहायला जाणारे बहुतेक पालक जूनमध्ये जातात, आणि पहिली चूक तिथेच होते. शाळा उघडण्याच्या दिवशी दारात रांगोळी असते, नव्या मुलांच्या हाती फुले आणि बालभारतीची कोरी पुस्तके पडतात, पाहुण्यांची भाषणे होतात. तो दिवस आनंदाचा असतो आणि तसा असावाच, परंतु शाळा रोज कशी चालते हे त्या दिवशी दिसत नाही. त्यापेक्षा प्रवेशाच्या आधीच्या जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा साधा मंगळवार किंवा बुधवार निवडावा, मुख्याध्यापकांना आधी भेटून परवानगी घ्यावी आणि परिपाठापासून मधल्या सुट्टीनंतरच्या तासापर्यंत शाळेत थांबावे. तोवर वर्षाचा निम्म्याहून अधिक अभ्यास झालेला असतो, त्यामुळे शाळेने मुलांना काय दिले हे मुलांकडे पाहूनच कळते.

जाण्यापूर्वी थोडी माहिती घरबसल्या मिळते. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो (महाराष्ट्रातील शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो) आणि तो शाळेच्या फलकावर बहुधा लिहिलेला असतो. केंद्र सरकारच्या यू-डायस संकेतस्थळावर त्यावरून शाळेचा पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या आणि इतर सुविधा पाहता येतात. ही नोंद शाळेनेच भरलेली आणि काही महिने जुनी असते, म्हणून ती कागदावर उतरवून घ्यावी आणि प्रत्यक्ष भेटीत पडताळून पाहावी.

या आकड्यांत सर्वांत महत्त्वाचे गणित शिक्षकांचे आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक असावे लागतात. याचा अर्थ असा की चार वर्गांत मिळून ४२ मुले असतील तर दोनच शिक्षक मिळणार आणि प्रत्येकाला एकाच वेळी दोन वर्ग सांभाळावे लागणार. अनेक पालक एवढे ऐकूनच पाठ फिरवतात. मला ते घाईचे वाटते. एका खोलीत दोन वर्ग बसतात ही अडचण खरी आहे, पण बाई पहिलीला शिकवत असताना दुसरीची मुले काय करतात, हे पाहिल्याशिवाय मत बनवू नये. त्यांच्या हाती शब्दकार्डे, मणी, गोष्टीची पुस्तके असतील आणि ती गटात बसून स्वतःचे काम करत असतील, तर तो शिक्षक कसलेला आहे. उलट तीच मुले रोज तासन् तास शुद्धलेखन उतरवत असतील, तर त्यांचा निम्मा दिवस वाया जातो आहे. मंजूर पदे किती, भरलेली किती आणि आज प्रत्यक्ष हजर किती, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण यांसाठी शिक्षकांना कायद्यानेच बोलावता येते, आणि त्याखेरीज बैठका, प्रशिक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे ही कामेही असतात. त्या दिवशी वर्ग कोण घेते याचे ठरलेले उत्तर शाळेजवळ असायला हवे.

यानंतर तिसरीच्या वर्गात जावे. पहिलीत घालायचे मूल असले तरी तिसरी पाहावी, कारण पहिली-दुसरीच्या शिकवण्याचे फळ तिथे दिसते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानेही प्रत्येक मुलाला तिसरीअखेर समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, हेच उद्दिष्ट ठेवले आहे. शिक्षकांची परवानगी घेऊन दुसरीच्या मराठी पुस्तकाचा मागच्या बाजूचा एखादा उतारा वाचायला द्यावा. सुरुवातीचे धडे पुष्कळ मुलांना पाठ असतात. शिक्षक सहसा हुशार मुलाला पुढे करतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, पण त्याचे कौतुक करून झाल्यावर हजेरीपटातील ५, १०, १५, २० अशा क्रमांकांची मुले बोलवावीत. मुलाला सर्वांसमोर उभे करू नये. शेजारी बसवून, त्याचे नाव विचारून मग वाचायला सांगावे. अक्षर-अक्षर जुळवत वाचणारे, शब्द वाचणारे आणि वाक्य सलग वाचणारे मूल कानाला लगेच वेगळे कळते. वाचून झाल्यावर गोष्टीत काय घडले ते त्याच्या शब्दांत सांगायला लावावे. गणितासाठी ५२ वजा २७ अशी हातच्याची एक वजाबाकी आणि पन्नासची नोट देऊन बत्तीस रुपयांची वही घेतल्यावर किती परत मिळतील, एवढा हिशेब पुरे.

काही मुले अडखळतीलच. तेव्हा शिक्षकांना विचारावे की मागे कोण आहे आणि कशात. जे शिक्षक म्हणतात, ‘हा जोडाक्षरांवर अडतो, ती वाचते पण हातचा विसरते, आणि हा ऊसतोडीहून परत आला की आम्ही त्याला मात्रांपासून पुन्हा धरतो,’ त्यांच्या हाती मूल निर्धास्तपणे द्यावे. ‘घरी कोणी लक्ष देत नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तर तिथे मला काळजी वाटते. रंगवलेल्या भिंती, डिजिटल फळा आणि पुरस्काराच्या चौकटी यांपेक्षा प्रत्येक मुलाचे अडलेले ठिकाण माहीत असणे ही कितीतरी मोठी गोष्ट आहे.

वह्याही चाळाव्यात. सगळ्यांच्या वहीत तीच उत्तरे, त्याच शब्दांत, एकही चूक नसलेली दिसली, तर ती फळ्यावरून उतरवलेली आहेत. चुकांसह लिहिलेली आणि शिक्षकांनी तारीख टाकून दुरुस्त केलेली दोन-चार वाक्ये त्याहून मोलाची असतात.

मुलांशी कसे बोलले जाते याकडे कान द्यावा. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोरकू किंवा पावरी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्यापुढे पुस्तकातली मराठी जवळजवळ नवी भाषा म्हणून उभी असते. घरचा शब्द ऐकून वर्ग हसतो का, की शिक्षक तो शब्द फळ्यावर लिहून त्याच्याशेजारी पुस्तकातला शब्द मांडतात? हसू झालेले मूल पुढे कित्येक महिने तोंड उघडत नाही. छडी दिसली तर मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारावे. शारीरिक शिक्षेला कायद्याने बंदी आहे.

मुलींचे स्वच्छतागृह उघडे आहे का आणि आत पाणी आहे का, हे स्वतः पाहावे. नोंदीत ‘आहे’ असलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप असू शकते. पोषण आहार शिजताना आणि वाढताना थांबावे. प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे, त्यामुळे ताटात वरणाची नुसती पिवळी छटा आणि अर्धी वाटी भात दिसला तर विचारणा करावी.

सेमी-इंग्रजीची चौकशी पालक सर्वांत आधी करतात. ती अवश्य करावी, पण गणित इंग्रजीत शिकवणाऱ्या शिक्षकाचा तास आधी ऐकावा. मराठीत नीट न वाचणाऱ्या वर्गाला इंग्रजीतून बेरीज पाठ करायला लावणे, ही सोय कोणाचीच नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्षांना भेटून मागील दोन-तीन बैठकांचे इतिवृत्त पाहावे. ‘चर्चा झाली, सर्वानुमते मंजूर’ एवढेच सगळीकडे असेल तर समिती सहीपुरती आहे. नळ दुरुस्त झाला, शिक्षकाची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवली, असे काही लिहिलेले असेल तर ती जागी आहे. गेल्या पाच वर्षांचा पटही विचारावा आणि तो घटला असेल तर मूल काढून नेलेल्या एक-दोन घरी जाऊन कारण ऐकावे. कधी कारण बदलून गेलेले गुरुजी असतात, कधी दारात येणारी खाजगी शाळेची बस. ही दोन कारणे अगदी वेगळी आहेत.

प्रवेशाला शुल्क, देणगी किंवा मुलाची परीक्षा नसते आणि जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

जुलैमध्ये, चांगला पाऊस पडत असताना, आणखी एक फेरी मारावी. तोवर प्रवेश झालेला असला तरी ही फेरी टाळू नये. छत कुठे गळते, गळत्या खोलीतला वर्ग कुठे बसवतात, हे तेव्हाच दिसते. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे, पण त्या किलोमीटरात महामार्ग किंवा ओढा असू शकतो. म्हणून शाळेच्या वेळेला, दप्तर पाठीवर देऊन, मुलाचा हात धरून ते अंतर चालून पाहावे.